कोपरा फाटलेलं कार्ड

तिसगाव, ता. पाथर्डी
९ जानेवारी २०२५

जहिरे,

तू जिवंत आहेस असं गनीभाई म्हणतो. खरं असेल तर बस आणि हे पत्र ऐक. खोटं असेल तर ज्याच्या हाती हे पडेल त्यानं गनीभाईसाठी दोन शिव्या लिहून पाठवाव्यात, मी त्या पाठ करून त्याला म्हणून दाखवीन.

मी गोजर. भिमाजीची. पेवणी बंदरच्या मिठागरावरच्या राखणदाराची पोरगी, जिला तू 'घाटी कांदा' म्हणायचीस. लिहिते आहे माझी नातसून पूजा. मला अजून अक्षर येत नाही, त्यामुळे पत्रात चुकेल ते तिचं आणि बरं असेल ते माझं. ("असं कसं आजी," म्हणते. तू लिही गं.)

हा गनीभाई आमच्या बाजारात सुकट-बोंबील विकतो. वीस वर्षं मी त्याच्याकडून घेते आणि वीस वर्षं त्याला सांगते, तुझ्या बोंबलाला दुसऱ्या दिवसाचं ऊन लागलेलं नाही. यंदा चिडून तो स्वतः माल बघायला कोकणात उतरला, तो थेट पेवणीला. परत आला तो टेम्पो रिकामा न करता माझ्या ओट्यावर.

"आजी, तिकडं एक म्हातारी हाय. मी पाथर्डीकडचा म्हनल्यावर चहा देता देता थांबली. म्हनली, तिकडं आमची एक गोजर दिली हाय, लई माजोरी. बावन्न वर्षं झाली, साधं एक कार्ड न्हाई. मेली असंल तर कळवा, आन् जित्ती असंल तर माज उतरला का इचारा."

मी विचारलं, नाव काय तिचं?

"जहिरा."

मी म्हटलं, "जहिरा दुष्काळात मेली. मी सुतक धरलंय तिचं."

तो म्हणाला, "मग मला च्या कुनी पाजला?"

तुला कानाला कमी ऐकू येतं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, फोनचा उपयोग नाही, असंही तोच म्हणाला. म्हणून हे पत्र. आता काय झालं ते सांगते.

बहात्तरचा दुष्काळ. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, मी सरकारी कामावर खडी फोडत होते. पोस्टमन कानिफनाथ तिथंच कार्ड घेऊन आला. तुझी आधीची सगळी कार्डं त्यानंच मला वाचून दाखवली होती. शेवटच्यात तू लिहिलं होतंस, दिवस गेलेत, थंडीत बाळंत होशील. हे कार्ड थंडीतच आलं आणि त्याचा कोपरा फाटलेला होता. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे माणूस गेल्याची खबर. ते घरात न्यायचं नाही, तिथंच फाडून टाकायचं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही एवढं वाचता येतं. कानिफनाथ म्हणाला, "वाचू का?" मी म्हटलं, "वाचायला काय राहिलंय, कोपरा बघ." आणि फाडलं.

घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. दोन कोसांवरून आणलेला हंडा मी अंगावर ओतला म्हटल्यावर माझी सासू चांगुणाबाई चुलीपासून उठली. "कोण मेलं?" मी म्हटलं, मावसबहीण. म्हणाली, "मावसबहिणीचं कुठं सुतक असतं?" मी म्हटलं, आमच्या कोकणात असतं, दहा दिवस. दहा दिवस मला भाकरी थापाव्या लागल्या नाहीत. त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

तू मेली नव्हतीस, तर त्या कार्डात काय होतं आणि त्याचा कोपरा कुणी फाडला, तेवढं कळव.

गोजर
(अंगठ्याला पूजानं निळी शाई लावलीय, ती आता भाकरीला लागणार.)

*

तिसगाव
३ फेब्रुवारी २०२५

जहिरे,

पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय नाही. गनीभाईनं तुझ्या नातवाला, अझीमला फोन केला होता. तो म्हणाला, आईनं नानीला मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं. नानी उठली आणि वाळत घातलेले बोंबील उलटायला गेली. म्हणजे तू चिडलीस. चिडलीस की हाताला काम शोधतेस, हे बावन्न वर्षांत बदललेलं दिसत नाही.

तर आता तुझी लेक हे वाचते आहे, तिच्याशीच बोलते. सुमैरा, बेटा, तुझ्या आईनं तुला तिचं लहानपण सांगितलं नसणार. मी सांगते. मोठ्यानं वाच, आळीला ऐकू जाऊ दे.

आमच्या पेवणीत वार वाटून घेतलेले होते. शुक्रवारी दुपारी तुमच्या होड्या किनाऱ्याला. शनिवारी रिबकाबाईंचा तेलाचा घाणा बंद, कारण त्या शनिवारतेली, म्हणजे यहुदी, त्यांचा देव त्या दिवशी विसावा घेतो. रविवारी दवाखान्यातले कंपाउंडर फर्नांडिस पडावातून पलीकडच्या चर्चला. सोमवारी भंडाऱ्यांच्या शंकराची आरती. प्रसाद सगळीकडे आम्हा दोघींना. मास्तर म्हणायचे, या गावात शाळा भरवायची तरी कुठल्या वारी? मला अक्षर का आलं नाही असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

खरं कारण तुझी आई. ओहोटी लागली की ती मला खिडकीतून खुणावायची, कालवं काढायला. ओहोटी रोज पाऊण तास पुढं सरकते, शाळेचं घड्याळ काही सरकत नाही. तिला तिचे बाबा, नाखवा, घरी बसवून शिकवायचे. ती शिकली आणि मी कालवं फोडण्यात पहिली आले.

शनिवारी घाण्याचा बैल मोकळा असायचा, तो समुद्रावर धुवायचं काम आमचं. भरतीच्या पाण्यात आम्ही त्याला छातीभर उभा करायचो आणि तो तिथंही गोल फिरायला लागायचा. आठवडाभराची सवय. आम्ही दोघी त्याच्या पाठीवर, आणि काठावर रिबकाबाई हात कमरेवर ठेवून, "अगं मेल्यांनो, त्याला आज तरी सरळ चालू द्या."

(पूजानं लिहिणं थांबवून विचारलं, "भरती म्हणजे? पोलीस भरती?" तिचा भाऊ करण त्या भरतीसाठी दोन वर्षं पळतोय. मी म्हटलं, नाही गं, ही भरती रोज दोनदा असते आणि सगळ्यांना घेते.)

ईदेला तुझी नानी आमच्याकडे शीरखुर्मा पाठवायची. माझी आई म्हणायची, आपल्याला चालत नाही, गाईला घालते. म्हणून मी तुमच्या चुलीपाशीच बसून खाऊन यायचे. मोठी झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला, आमच्याकडे गाय नव्हतीच.

नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ तुझ्या आजोबांच्या होडीवरून जायचा, कारण त्यांची होडी सगळ्यांत जुनी. नारळ समुद्राला द्यायचा आणि पोरांनी उड्या मारून समुद्राकडून काढून घ्यायचा. आम्ही दोघींनी मिळून एकदा तो पकडला आणि कुणाचा यावरून पाण्यातच झिंज्या ओढल्या. तुझी आई जिंकली. तिचे दात अजून असतील तर ते त्या खोबऱ्यामुळे.

इथं लग्न होऊन आले तेव्हा घरातल्यांनी विचारलं, समुद्र केवढा असतो? मी म्हटलं, इथून मढीच्या डोंगरापर्यंत रान आहे ना, ते सगळं हलायला लागलं तर तेवढा. सासू म्हणाली, "हलनारं रान काय करायचंय?" पुन्हा मी कुणाला सांगितलं नाही. एवढं सगळं बोलायला मला एकच माणूस होतं, आणि जहिरे, तू तर मेली होतीस.

आता उत्तर दे. शिव्या चालतील.

गोजर

*

तिसगाव
२० फेब्रुवारी २०२५

जहिरे,

तुझं पत्र आलं. पूजानं वाचलं, मी पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, आता तुमचं पाठ झालंय." झालंय खरं. तू काय लिहिलंस ते तुलाच म्हणून दाखवते, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते बघ.

"गोजर, मी जिवंत आहे. कार्डात लिहिलं होतं, मला मुलगी झाली. आपलं ठरलं होतं, पहिल्या लेकराचं नाव एकमेकींनी ठेवायचं, तर तू ये. तू येईपर्यंत मी नाव ठेवत नाही. तीन महिने पोरीला नाव नव्हतं. लोक विचारायचे, मी सांगायचे, तिची मावशी घाटावरून यायची आहे. मग लोक हसायला लागले, तेव्हा सुमैरा ठेवलं. कोपरा मीच फाडला. तिथं तुझ्या सासूबद्दल एक ओळ लिहिली होती, मग लक्षात आलं, कार्ड उघडं जातं. तुझ्याकडे ती रीत आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, हा माझा गुन्हा. पण एक सांग. तो पोस्टमन माझं अक्षर ओळखायचा, तूच तसं कळवलं होतंस. त्यानं तुला काहीच सांगितलं नाही?"

एवढंच. खाली तुझी सही.

जहिरे, तीन महिने. माझी वाट बघत तू एका पोरीला तीन महिने 'ए' आणि 'अगं' म्हणत राहिलीस. सुमैरा बेटा, तुला माझ्यापायी ते सोसावं लागलं. नाव आईनं चांगलं ठेवलं. मी ठेवलं असतं तर चंद्रभागा ठेवलं असतं आणि तू मला कधी माफ केलं नसतंस.

सासूबद्दलची ओळ काय होती ते कळव. ती जाऊन तीस वर्षं झाली, आता मनसोक्त हसता येईल.

शेवटी विचारलंस त्याचं उत्तर आज देत नाही. लिहिणारीला सातवा महिना लागलाय. तिच्यासमोर बोलायचं नाही ते.

("आजी, काय बोलायचं नाही?" म्हणते. काही नाही बाई, लिही: गोजर.)

*

तिसगाव
६ मार्च २०२५

जहिरे,

आजचं अक्षर वेगळं दिसेल, म्हणून मी मेले असं समजू नकोस. पूजा नवऱ्याबरोबर, माझ्या ओंकारबरोबर, नगरला तपासणीला गेलीय. गनीभाईला बोलावून घेतलंय. त्याचा रोजा आहे, घसा कोरडा पडलाय, पण लिहायला घसा लागत नाही. मी त्याला आधीच शपथ घातलीय, जे सांगेन ते लिहायचं आणि मध्ये बोलायचं नाही.

सुमैरा, बेटा, हे आतल्या खोलीत वाच. आईच्या कानाशी तोंड नेऊन वाच. बाहेर जाऊ देऊ नकोस.

तू विचारलंस, पोस्टमननं काही सांगितलं नाही का. सांगितलं होतं. मी कार्ड फाडायला घेतलं तेव्हा कानिफनाथ म्हणाला, "थांब बाई, अक्षर त्याच बाईचं दिसतंय."

मेलेलं माणूस स्वतःच्या मरणाचं कार्ड लिहीत नाही, हे अडाण्यालाही कळतं. मला कळलं. कळलं आणि मी फाडलं.

मीही तुझ्यासारखीच गरोदर होते, जहिरे. तुला मी कळवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तुला थक्क करावं म्हणून मी कानिफनाथाला ते लिहू दिलं नव्हतं. बाळंत झाल्यावर एकदमच कळवू, असा माझा बेत. मुलगा झाला. आठ दिवस होता. अंगावर दूध नव्हतं. खाण्याला सुकडी, पिण्याला गाळलेलं पाणी, दूध कुठून येणार? नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं. बारशाआधीच्या लेकराचं कुणी सुतक धरत नाही, ओढ्याच्या कडेला नेऊन ठेवतात. सासू वाईट नव्हती. तिची स्वतःची तीन तशीच गेलेली. म्हणाली, "चल, कामावर न्हाई गेलीस तर नाव कमी करतील." चौथ्या दिवशी मी खडीवर होते.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तुझं कार्ड आलं. हातात घेतल्याबरोबर मला कळलं की तुला मूल झालंय आणि ते जगलंय. ते मला ऐकायचं नव्हतं. कानिफनाथानं वाचलं असतं तर मला हसावं लागलं असतं, त्याच्या हातानं तुला आनंद कळवावा लागला असता. कोपरा फाटलेला दिसला आणि मला सुटका दिसली. तुला मारलं की रडायला मिळत होतं. दहा दिवस भिंतीकडे तोंड करून बसायला मिळत होतं. सगळे म्हणाले, मावसबहिणीवर लई जीव हुता. तुझ्या नावानं मी माझ्या लेकराला रडले.

पुढं वाटलं, वर्षभरानं कळवू. मग सूर्यभान झाला, आणि वाटलं, आता काय तोंडानं कळवू. मग रोज तू थोडी थोडी खरीच मरत गेलीस. शेवटी मला ते खरं वाटायला लागलं. पहिल्या पत्रात तुला जे लिहिलं ते खोटं म्हणून लिहिलं नव्हतं. गनीभाईनं 'च्या कुनी पाजला' म्हटलं तेव्हा मी खाली बसले ती आनंदानं नाही, भीतीनं.

हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कोपऱ्याची गोष्ट पुरली असती, तूही गुन्हा आपल्याकडे घेऊन बसली होतीस. म्हणूनच सांगितलं. तो तुझा नव्हता.

आता बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी पुन्हा पत्र पाठवणार नाही.

गोजर

(मी गनी. नानी, आजी बोलता बोलता उठून आत गेली, त्या वेळात लिवतो. तिला मी वीस वर्सं वळखतो. अशी बगितली न्हाई कदी. जवाब द्या.)

*

तिसगाव
२२ मार्च २०२५

जहिरे,

पुन्हा पूजाच लिहिते आहे.

तुझं उत्तर आलं तेव्हा गनीभाई माल आणायला गेला होता आणि मला दम निघेना. घरात वाचणारी एकच. म्हणजे जे तिच्यापासून लपवलं, ते मला तिच्याच तोंडून ऐकावं लागलं. मध्ये एका जागी ती थांबली. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "न्हाई, ऐका तुमी." आणि शेवटपर्यंत वाचलं. मग पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आजी, एवढं एकटीनं कशाला ठेवलं?" मला वाटत होतं ती घाबरेल. या पोरी आपल्यापेक्षा टणक आहेत.

तू लिहिलंस, सुमैरानं सगळं वाचून ऐकवलं तेव्हा तीच रडली, तू नाही. तू पुन्हा बोंबील उलटायला गेलीस, पण या वेळी बोंबील नव्हते, दोरी रिकामी होती. हे ऐकून मी हसले.

तू लिहिलंस, "माझं नाव तुझ्या उपयोगी पडलं तर पडू दे, मी काही ते वापरून संपवलेलं नाही. पण एक विचारते. त्या दहा दिवसांत माझ्यासाठी एकही दिवस नव्हता का?"

याचं उत्तर मी चार दिवस शोधते आहे, कारण आता तुला खोटं सांगायचं नाही. पहिले पाच दिवस त्याचे होते, पूर्ण त्याचे. सहाव्या दिवशी शेजारणीनं पाटीतून वाळली सुकट आणली आणि तिचा वास घरात आला. तिथून पुढचे चार दिवस तुझे. शेवटचा एक कुणाचा ते मला सांगता येत नाही. तो बहुतेक माझा होता.

ईदेच्या आधी ये म्हणालीस. येते. गनीभाईचा टेम्पो मंगळवारी सकाळी निघतो, त्याच्याशेजारी बसून येते. सूर्यभान म्हणाला, "आई, या वयात टेम्पोत?" मी म्हटलं, या वयात नाही तर कधी. पूजा येत नाही, तिला आठवा लागलाय. पोराला घेऊन येईन म्हणते, तोवर त्याचं नाव ठेवू नका असं मी तिला बजावलं तर माझ्याकडे बघत बसली.

सुमैराला सांग, मला आल्या आल्या समुद्रावर न्यायचं नाही. समुद्र कुठं जात नाही. आधी मला तुझ्या ओट्यावर बसायचंय. गुडघे धरलेत, पायरी उंच असेल तर अझीमला उभा कर.

आणि हे नीट ऐक. सुमैरा, हे कानाशी सांग. मी आले की तुला हाक मारणार नाही, तुला ऐकू जायचं नाही. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तुला दिसायचंही नाही. मी तुझ्या हातावर हात ठेवीन. तू जो ओळखायचीस तो हात आता राहिलेला नाही. खडीनं बोटं जाड झालीत, एक नख कायमचं गेलंय, तळव्याला घट्टे आहेत. परक्या बाईचा वाटेल. म्हणून आधीच कळवून ठेवते, तो माझाच असेल.

गोजर